खुर्चीवाला आणि मास्तर

त्या मंगळवारी सकाळी माझा नवरा गॅरेजमध्ये पडला. मी फोन केला. ॲम्ब्युलन्स आली. शुक्रवारी हॉस्पिटलमध्ये त्याचं निधन झालं. रविवारी आम्हा दोघांना लायब्ररीत बोलायचं होतं, ते राहिलं.

बोलायचं होतं ते दोन अमेरिकन अध्यक्षांबद्दल. लिहिताना मलाच हे विचित्र वाटतं. माणूस गेल्यावर त्याच्या सवयींबद्दल लिहावं, त्याला काय आवडायचं त्याबद्दल लिहावं, आणि मी कायदे आणि सुधारणा घेऊन बसले आहे. पण आमच्या शेवटच्या हिवाळ्यात आम्ही दुसऱ्या कशाबद्दल फारसं बोललोच नाही. त्याच्याबद्दल लिहायचं तर या दोघांना सोबत घेण्यावाचून इलाज नाही.

आमच्या टेक्सासमधल्या शुगर लँडमध्ये निवृत्त मराठी माणसांचं एक छोटं अभ्यास मंडळ आहे. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आम्ही सार्वजनिक लायब्ररीच्या मीटिंग रूममध्ये जमतो. कोणी विषय मांडतं, मग वाद होतो, मग चहा. मंडळाचा एकच नियम आहे आणि तो डॉक्टरांनी घातलेला आहे. डॉक्टर मूळचे मुंबईचे, इथे उभं आयुष्य प्रॅक्टिस करून आता निवृत्त झालेले. पूर्वी म्हणे लोक आपापली मतं घेऊन सभेला यायचे आणि तीच घेऊन घरी जायचे. डॉक्टरांना त्याचा कंटाळा आला. त्यांनी ठरवून टाकलं की ज्याला जे पटतं त्याच्या विरुद्ध बाजूने त्याने बोलायचं. नागपूरच्या एका गृहस्थांना पुण्याच्या बाजूने बोलायची पाळी आली तेव्हा ते ऐन वेळी आजारी पडले, असं डॉक्टर अजून सांगतात. नवरा-बायको असतील तर त्यांना एकमेकांसमोर उभं करायचं, ही डॉक्टरांची खास आवड.

मागच्या दिवाळीनंतर आमची पाळी आली. विषय डॉक्टरांनीच दिला. सुधारणा करणारे दोन अध्यक्ष, एक मंदीच्या काळातला, एक साठच्या दशकातला, आणि त्यांची देशांतर्गत धोरणं. "उंबऱ्याच्या आतलंच बोलायचं," डॉक्टर म्हणाले. "युद्धं वगैरे बाहेर ठेवा. नाहीतर संध्याकाळ व्हायची."

घरात आम्ही त्या दोघांना नावाने कधी हाक मारली नाही. पहिल्याचे पाय पोलिओने गेले होते आणि चाकांच्या खुर्चीत बसून त्याने मंदीतला देश चालवला, म्हणून तो खुर्चीवाला. हे नाव माझ्या नवऱ्याने ठेवलं. मला ते बरं वाटलं नव्हतं, पुढे तोंडात बसलं. दुसरा टेक्सासच्या डोंगराळ भागातला, तरुणपणी गरीब मेक्सिकन मुलांच्या शाळेत शिकवलेला, म्हणून तो मास्तर. ते नाव माझं.

माझ्या नवऱ्याला मास्तर प्रिय होता. त्याची कारणं इंजिनियरची होती. वंश आणि देश बघून माणसं आत घेणारा जुना कायदा मास्तरने मोडला, म्हणून आपण इथे आलो, हे एक. म्हाताऱ्यांचा दवाखान्याचा खर्च सरकारने उचलावा हे त्याने करून दाखवलं, हे दुसरं. काळ्या माणसांना मतदान करता यावं म्हणून कायदा केला, हे तिसरं. "भाषणं बघायची नाहीत," तो म्हणायचा. "मशीन बसवल्यावर इतक्या वर्षांनी चालतंय का, ते बघायचं."

मला खुर्चीवाला प्रिय होता. मी इथल्या काउंटीच्या लायब्ररीत बरीच वर्षं काम केलं आणि त्याच्याबद्दलची पुस्तकं शेल्फवर लावता लावता वाचली. माणसं सूपसाठी रांगेत उभी आहेत, बँकांना कुलपं आहेत, आणि हा रेडिओवर येऊन शेजारच्या खोलीत बसल्यासारखं बोलतो, बँक म्हणजे काय ते समजावून सांगतो. सत्तेवरचा माणूस लोकांना समजावून सांगण्याचे कष्ट घेतो, याचं मला फार अप्रूप होतं.

तेव्हा नियमाप्रमाणे त्याच्या वाट्याला खुर्चीवाला आला आणि माझ्या वाट्याला मास्तर.

तो हिवाळा आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी काढला. लग्नानंतर मी त्याला 'अहो' म्हणायचे. इथे आल्यावर कधी तरी त्याचं 'अरे' झालं, कसं ते आठवत नाही. वादात मात्र 'अहो' परत आलं. एखाद्या वकिलाने समोरच्या वकिलाला म्हणावं तसं.

"अहो, तुमच्या खुर्चीवाल्याने म्हातारपणी पेन्शन दिलं म्हणता. शेतमजुरांना दिलं का? धुणीभांडी करणाऱ्यांना दिलं का? त्यांना वगळलं. दक्षिणेत ती कामं काळी माणसंच करत होती ना? ते सांगा सभेत."

"दक्षिणेच्या सिनेटरांची मतं लागत होती. मतं नसती तर कोणालाच काही मिळालं नसतं."

"माझ्या मास्तरलाही लागत होती. त्याने ती गमावली."

"म्हणून दुसऱ्यांदा उभा राहायची सोय राहिली नाही."

"सोय बघायला तो काय हॉटेल बुक करत होता?"

तो हसायचा आणि चष्मा पुसायचा. हरत आला की चष्मा पुसायची त्याची रीत होती. "तू मास्तरची भाडोत्री वकील आहेस," तो म्हणायचा. "फी कोण देतंय?"

"तुम्हीच. उद्याचा चहा तुम्ही करायचा."

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला वेळ लागला. मास्तरला पाडायचं सगळ्यात मोठं हत्यार त्याचं युद्ध. गरिबीशी लढायला काढलेली योजना एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला ते दूरचं युद्ध. योजनेतला पैसा तिकडे गेला, गरिबांचीच पोरं तिकडे गेली. खुर्चीवाल्याच्या वकिलाने हे पहिल्याच दिवशी काढायला हवं होतं. माझा नवरा ते काढत नव्हता. विचारलं तर म्हणायचा, "उंबऱ्याच्या आतलं बोलायचं आहे. डॉक्टरांचा नियम आहे." नियमांचं त्याला एरवी एवढं प्रेम नव्हतं.

आणि मी तेच करत होते. खुर्चीवाल्याच्या काळात जपानी वंशाच्या कुटुंबांना घरांतून उठवून छावण्यांत ठेवलं. ते उंबऱ्याच्या आतलंच होतं. मास्तरच्या वकिलाने ते बोलायला हवं होतं. मी बोलत नव्हते. छावण्यांवरची पुस्तकंही माझ्याच शेल्फवर होती, पण मी ती घरी आणत नव्हते. दोघंही आपापल्या माणसाला पाठीशी घालत होतो आणि तोंडाने दुसऱ्याची बाजू लढत होतो.

जानेवारीत आम्ही गाडी घेऊन मास्तरच्या डोंगरांत जाऊन आलो. हायवेवर गाडी तोच चालवायचा. मी गल्लीतून ग्रोसरीपर्यंत जाते, मोठ्या रस्त्याला लागत नाही. मास्तरचं घर, कुंपण, चरणारी गुरं, सगळं बघून झालं. तिथल्या मार्गदर्शक बाईंनी सांगितलं की या भागात फार उशिरापर्यंत वीज नव्हती. बायका विहिरीचं पाणी ओढून वाकून गेल्या होत्या. मास्तर तेव्हा तरुण होता, नुकताच निवडून आलेला. त्याने खुर्चीवाल्याच्या सरकारकडे खेटे घातले आणि तारा आणवल्या. माझा नवरा तिथल्या बाकावर बसला.

"म्हणजे माझ्या माणसाच्या गावात दिवा तुझ्या माणसाने लावला," तो म्हणाला.

"आत्ता तुझा माणूस खुर्चीवाला आहे," मी म्हटलं.

"खरंच की," तो म्हणाला. "मी विसरलोच."

परत येताना तो एका हाताने गाडी चालवत होता. मला ते आवडत नाही, पण त्या दिवशी चालवू दिलं.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी तो खुर्चीवाल्याच्या पेन्शनवर बोलत होता. त्या आधी इथे म्हातारी माणसं मुलांकडे वाटून जायची, असं त्याने सुरू केलं, आणि थांबला. मला कळलं की तो कुठे पोचला होता.

सासरे गेल्यावर सासूबाईंना नागपूरला तिघा मुलांत महिने वाटून दिले होते. आम्ही इकडे. वाटणी तिकडच्या तिघांची. कोणी वाईट नव्हतं. सगळ्यांनी नीट केलं. पण सासूबाईंची बॅग कधी पूर्ण उघडली जात नसे. वरचे कपडे काढायच्या आणि खालचे तसेच ठेवायच्या. सुट्टीत गेलो की ज्याच्याकडे त्या असतील तिथे आम्ही जायचो, आणि त्या आम्हाला चहा विचारण्याआधी सुनेकडे बघायच्या. हे तो कधी बोलला नव्हता. मीही नाही. त्या संध्याकाळीही तो एवढंच म्हणाला, "तिला स्वतःचं काही असतं तर ती कोणाकडे बघत राहिली नसती." मग त्याने चष्मा पुसला, पण हरत आला म्हणून नव्हे.

दुसऱ्या दिवशी त्याने युद्ध काढलं. मास्तरचं सगळं युद्ध, एकामागून एक मुद्दा, उंबऱ्याची पर्वा न करता. "घरातली मुलंच बाहेर जाऊन मेली," तो म्हणाला, "मग हे उंबऱ्याबाहेरचं कसं?" मी ऐकत राहिले. तो आता भाडोत्री राहिला नव्हता. आणि मग मीही छावण्या काढल्या. काढताना मला जड गेलं नाही. मास्तरचं मला खरंच पटायला लागलं होतं. आपल्याच पक्षाची मतं जातील हे माहीत असून त्या मतदानाच्या कायद्यावर सही करणारा माणूस मला आधी उद्धट वाटायचा, तो आता थकलेला वाटू लागला.

त्यानंतरच्या आठवड्यांत आम्ही नीट भांडलो. मग तो मंगळवार आला.

मुलगी सांता क्लाराहून त्याच रात्रीच्या विमानाने आली. ती इथेच जन्मली. मराठी सगळं समजतं, उत्तर बहुतेक इंग्रजीत देते. तिकडे सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिने सगळं केलं. फोन केले, फ्युनरल होमशी बोलली, मंदिराचा हॉल बघितला. तेरावा काही दिवस उशिरा झाला, कारण हॉल शनिवारीच मिळत होता आणि लोकांनाही शनिवारच बरा पडत होता. गुरुजी म्हणाले चालतं. मला कशाचंच काही वाटत नव्हतं. लोक येत होते, चपला दारात काढत होते, फॉइलमध्ये गुंडाळलेल्या पोळ्या फ्रिजमध्ये ठेवत होते. बाहेर ओकच्या झाडांचे परागकण सगळ्या गाड्यांवर पिवळे बसले होते, आणि प्रत्येक जण आत आल्यावर आधी ॲलर्जीबद्दल बोलायचा. मला ते बरं वाटायचं. त्यात काही उत्तर द्यायचं नसे.

मुलगी इथूनच काम करत राहिली. तिने तिचं ऑफिस बाबाच्या टेबलावर मांडलं. एका सकाळी नाश्त्याला ती म्हणाली, "आई, दिस इज नॉट सस्टेनेबल."

"काय?"

"हे. तू एकटी, एवढं घर. तू हायवेवर ड्राइव्ह करत नाहीस. तुझा कार्डिऑलॉजिस्ट मेडिकल सेंटरला आहे, तिथे कशी जाणार? तू आमच्याकडे ये. घर आत्ता विकलं तर नीट विकलं जाईल. मी एका रिअल्टरशी बोलले आहे. ती सोमवारी बघायला येईल. जस्ट बघायला."

माझी तिच्यावर माया आहे आणि ती चूक बोलत नव्हती. त्यांच्या घरात वरची एक खोली आहे, स्वच्छ, खिडकीतून लिंबाचं झाड दिसतं. जावई भला आहे. मी विचार करून सांगते म्हटलं. विचार असा काही होत नव्हता. मी त्या काळात फार थकलेली असे. सकाळी उठून बसले की पुढे काय करायचं ते सुचत नसे, आणि कोणी काही ठरवून दिलं की हायसं वाटे. असंच तिलाही हो म्हणून टाकलं असतं.

त्याच आठवड्यात डॉक्टर आले. सोफ्याच्या कडेला बसले, पाणी प्यायले.

"वहिनी, तुमचा राहिलेला कार्यक्रम कॅन्सल करू ना? लोकांना मी सांगतो."

"नको," मी म्हटलं. "या महिन्याचा ठेवा."

मी असं का म्हटलं मला माहीत नाही. कॅन्सल करा म्हटल्यावर लोक समजूत घालायला बसतात, त्याचा कंटाळा होता एवढंच असेल. डॉक्टर मुलीकडे बघून म्हणाले, "तूही ये. बाबाची बाजू कोणीतरी मांडायला हवी."

"काका, बाबाची बाजू कुठली ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "ते रोज फोनवर मला वेगवेगळ्या माणसाबद्दल सांगायचे. आय लॉस्ट ट्रॅक."

रविवारी रूम भरली होती. एरवी निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. लोक माझ्यासाठी आले होते आणि सगळे हळू बोलत होते. डॉक्टर उभे राहिले. दोन वाक्यांत त्यांनी माझ्या नवऱ्याबद्दल सांगितलं आणि मग म्हणाले, "आज नियम नको. आज वहिनींनी त्यांच्या मनातलंच बोलावं. कोण मोठा वाटतो ते मोकळेपणाने सांगावं."

त्यांनी हे प्रेमाने केलं. पण मी उभी राहिले आणि मला माझी बाजू सापडेना. नियम असता तर मास्तरचं घडाघडा बोलले असते, सगळं तयार होतं. मनातलं म्हणजे काय? दिवाळीला माझ्या मनात खुर्चीवाला होता. फेब्रुवारीत मास्तर आला. माझ्या नवऱ्याचं बरोबर उलट झालं होतं. आम्ही आपापला माणूस एकमेकांना देऊन बसलो होतो, आणि आता परत मागायला तो नव्हता. सगळे वाट बघत होते. मागे कोणी तरी खुर्ची सरकवली.

मग मी मंगळवारचं सांगायला लागले. ठरवलेलं नव्हतं.

मी सांगितलं, ॲम्ब्युलन्समागून शेजारणीने मला हॉस्पिटलमध्ये नेलं. डेस्कवरच्या बाईंनी त्याचं म्हातारपणीच्या विम्याचं कार्ड मागितलं, बघितलं, परत दिलं. आत तिथले डॉक्टर आपलं काम करत राहिले. कुठलीही गोष्ट करायच्या आधी कोणी मला बाजूला घेऊन, मुलगी काय करते, असं विचारलं नाही. मी नागपुरात आणि पुण्यात हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मुलांना बाजूला घेऊन पैशाचं बोलताना पाहिलेलं आहे. इथेही मास्तरच्या आधी म्हाताऱ्यांचं तसंच होतं. माझा नवरा मास्तरच्या कायद्यात गेला, असं मी म्हणाले. गेला, पण त्याच्यासाठी कोणाकडे हात पसरावा लागला नाही.

मग फ्युनरलनंतर पेन्शनच्या ऑफिसातून फोन आला. बाई आवाजावरून तरुण होत्या. त्यांनी मला समजावून सांगितलं की दोघांच्या पेन्शनमधलं जे मोठं असेल ते आता मला मिळत राहील. मी विचारलं, किती वर्षं? त्या म्हणाल्या, तुम्ही आहात तोपर्यंत. हे कलम खुर्चीवाल्याच्या काळातलं. पहिल्या कायद्यात मागे राहिलेली बायको नव्हती, ती पुढे काही वर्षांनी त्याच्याच कारकिर्दीत आत आली. कोणाच्या तरी लक्षात आलं असेल की माणूस गेला तरी चूल पेटवावी लागते. मी खुर्चीवाल्याच्या कायद्यात मागे राहिले आहे, असं मी म्हणाले.

आणि सासूबाईंचं सांगितलं. बॅगेचं. ते मी आधी कुठेच बोलले नव्हते. ते सांगताना मी खाली बघत होते, त्यामुळे कोणाचे चेहरे कसे झाले ते मला माहीत नाही.

पुढे मी दोघांची वजाबाकीही केली. खुर्चीवाल्याने ज्यांना वगळलं ते, छावण्या. मास्तरचं युद्ध. मी म्हटलं, पहिला मोडलेलं घर सावरत होता आणि ज्यांची मतं लागत नव्हती त्यांना त्याने अंगणात ठेवलं. दुसरा त्यांना आत घ्यायला निघाला आणि मागच्या दाराने त्यांचीच मुलं बाहेर धाडली. दोघांनीही अर्धंच केलं. पण त्या दोन अर्ध्यांच्या मध्ये मी आत्ता उभी आहे, आणि मला अजून कोणाकडे महिने वाटून जावं लागलेलं नाही. हे कायदे किती दिवस राहतील, याबद्दल टीव्हीवर रोज काही तरी ऐकू येतं. मला त्यातलं सगळं कळत नाही. आज ते आहेत.

मग मी बसले. डॉक्टर म्हणाले, "पण वहिनी, मत कोणाला? हात वर करायचे आहेत."

"मला ठरवता येत नाही."

"ठरवायलाच लागतं. नियम आहे."

"नियम तुम्हीच काढून टाकला," मी म्हटलं. लोक हसले. त्या खोलीत तेव्हा पहिल्यांदा कोणी मोठ्याने बोलायला लागलं. मतदान झालं नाही. चहा झाला.

घरी परतताना गाडी मुलगी चालवत होती.

"सो बेसिकली," ती म्हणाली, "तू म्हणालीस की तुला माझी गरज नाही."

"मी अध्यक्षांबद्दल बोलत होते."

"आई, प्लीज. तू माझ्याशी पब्लिकमध्ये ब्रेकअप केलंस. विथ फुटनोट्स."

मला हसू आलं, आणि तिलाही. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने एसीचा झोत बदलला. मी बघितलं नाही असं केलं.

"तसं नाही," मी म्हटलं. "गरज आहे. पण गरज म्हणून मला तुझ्याकडे राहायचं नाही. मला तुझ्याकडे पाहुणी म्हणून यायचंय. यावंसं वाटलं की यावं, बॅग पूर्ण उघडावी, आणि कंटाळा आला की परत यावं."

"आणि कार्डिऑलॉजिस्ट?"

"डॉक्टर म्हणतात नेतील."

"काका एटी इयर्स ओल्ड आहेत, आई. त्यांना कोण नेणार?"

ड्राइव्हवेत गाडी लावल्यावर ती तशीच बसून राहिली, इंजिन चालू. "आजी असं करायची मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "बाबा कधी बोलले नाहीत."

"तो कोणाशीच बोलला नाही."

"ओके," ती म्हणाली. तिने फोन काढला. "रिअल्टरला मेसेज करते. फॉर नाऊ, आई. फॉरएव्हर नाही. आपण वर्षभराने परत बोलू."

"बोलू."

ती पुढच्या आठवड्यात गेली. जाताना फ्रिजमधले शिळे डबे तिने धुऊन दारात रचून ठेवले, ज्याचे त्याने ओळखून न्यावेत म्हणून. कोणी नेले, काही अजून तिथेच आहेत.

त्या दिवशी मी सभेत जे बोलले त्यात एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती आता संध्याकाळी कळते. त्या दोघांनी माझ्या खाण्याची, औषधाची, छपराची काळजी केली. तेवढं त्यांच्या हातात होतं आणि तेवढं मोठं होतं. पाच वाजले की गॅरेजच्या बाजूने आवाज येईल असं मला अजून वाटतं, त्यासाठी कुठल्याच सरकारला कायदा करायची सोय नाही. मुलीकडे गेले असते तर तिथेही वाटलं असतं, खिडकीशी लिंबाचं झाड असतं एवढाच फरक. मी तिला हे फोनवर सांगितलं नाही. ती रविवारी फोन करते, आम्ही हवेबद्दल बोलतो, ती मला जेवलीस का विचारते.

उन्हाळा लागला आहे. दुपारी बाहेर पडवत नाही. पुढच्या सभेला कोणी तरी पाण्याच्या प्रश्नावर बोलणार आहे आणि मला कुठली बाजू दिली आहे ते डॉक्टरांनी कळवलं आहे. मी वाचायला सुरुवात केलेली नाही. वाचीन.

घर आहे. पेन्शन येतं. विम्याचं कार्ड पर्समध्ये आहे. हायवेवर मी जात नाही. तो नाही.